कावेरीकाठच्या घरातील दूरदर्शन

आयुष्यभर पुरलेली पुस्तके कोणती, असे एखाद्या व्यासंगी गृहस्थाला विचारले म्हणजे तो क्षणभर थांबून चार-पाच नावे निश्चयाने सांगतो. दूरदर्शनवरील मालिकांविषयी मात्र हा प्रश्न गंभीरपणे विचारण्याजोगा आहे, हेच पुष्कळांना मान्य होत नाही. वस्तुतः ज्या माध्यमाने गेल्या चाळीस वर्षांत आपल्या घरांतील संध्याकाळची वहिवाट पार बदलून टाकली, देवघरातल्या दिव्याच्या वेळेवरही ज्याने आपला हक्क सांगितला, त्याने आपल्या रुचीला काय दिले आणि त्यातले टिकले किती, ह्याचा जमाखर्च एकदा मांडावयास हवा. मी तो कुंभकोणम येथील एका मराठी घरात बसून मांडीत आहे. हे ठिकाण मराठी मुलखापासून फार दूर आहे. पण घरात मराठी, बाजारात तमिळ आणि पडद्यावर हिंदी, अशी ज्यांची रोजची त्रिस्थळी यात्रा, त्यांना एखादी मालिका निव्वळ भाषेच्या जवळिकीने आवडून चालत नाही. ती आवडण्याला दुसरे काही कारण असावे लागते आणि ते शोधणे मला अगत्याचे वाटते.

तंजावरचे भोसल्यांचे राज्य दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर 1855 साली कंपनी सरकारने खालसा केले. परंतु त्या राज्याच्या आश्रयाने आलेले कारकून, मुत्सद्दी, पुराणिक आणि हरिदास कावेरीच्या काठी राहिले ते राहिलेच. ह्याच कुंभकोणमात 1828 साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे ह्या तीन संस्थानांचे दिवाण झाले. आमच्या शेजारचे तमिळ लोक आजही मराठी ब्राह्मण कुटुंबांना ‘रायर’ म्हणतात. ह्या घरांतील वडीलधाऱ्यांची करमणूक म्हणजे हरिकथा, भजन आणि रामनवमीचा उत्सव. कथा ऐकण्याची सवय त्यांना पिढीजात होती, तिला तिथी होती, वेळ होती आणि मुख्य म्हणजे समाप्ती होती. दूरदर्शन आले ते अशा घरात आले, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी आणि मद्रासचे 15 ऑगस्ट 1975 रोजी सुरू झाले, तरी कावेरीच्या खोऱ्याला त्याचा उपयोग लगेच झाला नाही. उलट 1982 साली श्रीलंकेत रूपवाहिनी सुरू झाली, तेव्हा आमच्या पूर्वेकडील किनारपट्टीवर उंच लोखंडी नळावर अँटेना चढवून ती समुद्राकडे वळविण्याचा प्रघात पडला, आणि आपल्या राजधानीआधी लंकेचे चित्र घरात दिसू लागले. पुढे 1984 च्या सुमारास सरकारने देशभर प्रक्षेपकांचे जाळे विणण्याचे काम झपाट्याने हाती घेतले आणि दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम येथवर पोहोचला. मद्रासच्या सॉलिडेअर आणि डायनोरा ह्या कंपन्यांचे, सरकत्या लाकडी दारांच्या कपाटात बसविलेले संच तालेवारांच्या दिवाणखान्यात आले, आणि त्यांच्या पुढ्यात सबंध गल्ली जमू लागली. कार्यक्रम हिंदीतून, आणि हा तर 1965 च्या हिंदीविरोधी आंदोलनाचा प्रांत! पण दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा दिलेल्या मुली घरोघरी होत्या, आणि बालबोध लिपीची ओळख असलेले आमच्यासारखे लोक होते. त्यांनी दर रविवारी दुभाष्याचे काम केले.

ह्या दुभाष्यांना सर्वांत अधिक राबविले ते ‘रामायण’ने. रामानंद सागर ह्यांची ही मालिका 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत 78 भागांत चालली. तिच्यातील दशरथ आणि कौसल्या ही बाळ धुरी आणि जयश्री गडकर ह्या मराठी दांपत्याने उभी केली होती, ह्याचे कौतुक आम्हांला अर्थातच होते. कलेच्या दृष्टीने तिच्यावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि त्यांतले बरेच खरे आहेत: नेपथ्य भडक, बाणांची आकाशातील झुंज लांबलचक, आणि एकाच मुद्रेवर कॅमेरा इतका वेळ खिळून राहतो की भाव ओसरून मुखवटा उरतो. तरीही मी तिला वगळू शकत नाही, आणि त्याचे कारण आमच्या गावात भिंतीवर रंगविलेले आहे. येथील रामस्वामी मंदिर तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या काळचे. गर्भगृहात राम आणि सीता पट्टाभिषेकाच्या वेळेप्रमाणे एकाच आसनावर बसलेली आहेत, आणि जवळच मारुती एका हातात वीणा व दुसऱ्या हातात रामायणाची पोथी घेऊन बसला आहे. प्रदक्षिणेच्या ओवरीतील भिंतीवर संपूर्ण रामकथा एकावर एक अशा ओळींनी चितारलेली आहे. ती वाचावयाची तर पायांनी चालत वाचावी लागते, एक ओळ संपली की पुन्हा आरंभाशी येऊन दुसरी धरावी लागते. ज्यांनी लहानपणापासून अशी कथा वाचली, त्यांना आठवड्याला एक तुकडा पाहण्यात नवे काही वाटले नाही. हिंदीचे एक अक्षर न समजणाऱ्या वृद्ध बायका पुढचा प्रसंग आधीच सांगत, आणि तमिळ रामायणकार कंबाने तो कसा वर्णिला आहे ते वर ऐकवीत. कथेचा शेवट सर्वांस ठाऊक असूनही, किंवा खरे म्हणजे ठाऊक असल्यामुळेच, कोणी उठून जात नसे.

बलदेवराज चोप्रा ह्यांच्या ‘महाभारत’ने (2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990, भाग 94) हीच वाट अधिक डौलाने चालून दाखविली. राही मासूम रझा ह्यांच्या संवादांना घाट होता आणि नितीश भारद्वाज ह्यांच्या कृष्णाला प्रसन्न मार्दव होते. नाट्यगुणांत ती ‘रामायण’पेक्षा निःसंशय सरस, घरोघरच्या आठवणीत मात्र ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली.

आता ज्या मालिकेला मी ह्या सबंध यादीत अव्वल स्थान देतो तिच्याकडे वळतो. ‘मालगुडी डेज’ 1986 साली सुरू झाली, कथा आर. के. नारायण ह्यांच्या, दिग्दर्शन शंकर नाग ह्यांचे, संगीत एल. वैद्यनाथन ह्यांचे आणि आरंभीची रेखाचित्रे नारायण ह्यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण ह्यांची. चित्रण झाले ते शिमोगा जिल्ह्यातील आगुंबे ह्या पावसाळी गावात. तेथे लोहमार्ग नसल्यामुळे मालगुडीच्या स्टेशनाचे काम त्याच जिल्ह्यातील अरसाळू स्थानकाने केले. शंकर नाग ह्यांची घडण मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झाली होती. चाफेकर बंधूंवरील ‘22 जून 1897’ ह्या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. अशा मनुष्याने एका तमिळ लेखकाचे कल्पित गाव कानडी मुलखात उभे करून ते हिंदीतून सबंध देशाला दाखवावे, ही घटना मला आपल्या सांस्कृतिक इतिहासातली एक मोलाची घटना वाटते. 1990 साली ते अपघातात गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे 35 होते.

ह्या मालिकेतला एक प्रसंग मी नमुन्यादाखल जवळून पाहू इच्छितो. सुटीच्या दिवशी बाप स्वामीला गणित सोडवावयास बसवितो. बापाच्या भूमिकेत गिरीश कर्नाड आहेत आणि स्वामीच्या भूमिकेत मास्टर मंजुनाथ. आंब्यांच्या किमतीचे साधे त्रैराशिक आहे. मुलगा पाटीकडे पाहतो, आणि संख्या बाजूला राहून आंबे विकणारा मनुष्य कसा असेल, विकत घेणारा कसा असेल, आंबे पिकलेले असतील की कच्चे, असल्या विचारांत बुडून जातो. शेवटी तो हे बापालाच विचारतो. कर्नाडांच्या चेहऱ्यावर त्या वेळी राग आणि हसू ह्यांची जी ओढाताण होते, ती दाखविण्यासाठी दिग्दर्शकाने ना संगीत वाढविले ना कॅमेरा जवळ नेला. मुलाच्या मनात आंबा हा अंकापेक्षा खरा आहे, एवढेच त्याला सांगावयाचे होते, आणि ते त्या शांत घरात आपोआप सांगितले गेले. मला हा प्रसंग विशेष भावण्याचे एक स्थानिक कारणही आहे. आमच्या सारंगपाणि सन्निधि वीथीत श्रीनिवास रामानुजन ह्यांचे राहते घर आहे. ज्याला अंक हेच आंब्यांपेक्षा खरे वाटत आणि म्हणून इतर विषयांत नापास झाल्यामुळे ज्याची येथील सरकारी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली, असा मुलगाही ह्याच प्रकारच्या घरातून, ह्याच प्रकारच्या ओसरीवरून बाहेर पडला होता. नारायण ह्यांच्या कथांत अशा सर्व मुलांना जागा आहे. ओसरी, खांब, अंगणातली विहीर, रांगोळी आणि दुपारच्या वेळचा तो ओस पडलेला रस्ता पाहताना कुंभकोणमच्या प्रत्येक माणसाला वाटले की, मालगुडी म्हणजे आपलीच पेठ.

शंकर नाग ह्यांनी केलेले भाग 39 होते, म्हणजे तेराचे तीन फेर. हा आकडा मी मुद्दाम नोंदवितो. दूरदर्शनची त्या काळची वहिवाट अशी होती की, मालिकेस मंजुरी साधारणपणे तेरा आठवड्यांची, म्हणजे वर्षाच्या एका चौथाईची मिळावयाची. पुढची मुदतवाढ मिळेल न मिळेल. कागदोपत्री ही निव्वळ कचेरीची सोय होती. पण त्या मुदतीमुळे लेखकाला आरंभ करण्यापूर्वीच शेवट ठरवावा लागे, पात्रे मोजून घ्यावी लागत, आणि प्रत्येक भागाला स्वतःचे प्रयोजन द्यावे लागे. माझ्या यादीत जी नावे शिल्लक राहिली ती पुन्हा पुन्हा पाहता मला दिसते ते हेच, की त्यांच्या मागे आधीच लिहून पुरी झालेली एखादी साहित्यकृती होती आणि पुढे ठरलेला शेवट होता.

‘भारत एक खोज’ हे ह्याचे सर्वांत भारदस्त उदाहरण. पंडित नेहरूंनी हा ग्रंथ 1944 साली अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात असता लिहिला. श्याम बेनेगल ह्यांनी 1988 साली त्याची 53 भागांची मालिका केली. रोशन सेठ ह्यांचे नेहरू मधूनमधून येऊन प्रश्न विचारतात, ओम पुरी निवेदन करतात आणि निरनिराळ्या युगांतील भूमिकाही करतात. तेच नट आज एका शतकात तर उद्या दुसऱ्यात दिसतात, त्यामुळे सबंध इतिहास एकाच नाटकमंडळीने उभा केल्यासारखा वाटतो, आणि हे तिचे मोठे बळ आहे. तिच्यात ‘शिलप्पदिकारम्’ हे तमिळ महाकाव्य आहे, चोळ साम्राज्य आहे आणि शिवछत्रपतीही आहेत. एकाच मालिकेत आपल्या घराची दोन्ही गोत्रे, एक ज्या भूमीवर राहतो तिचे आणि दुसरे ज्या रक्तातून आलो त्याचे, अशी शेजारी बसलेली पाहणे हा आम्हां तंजावरी मराठ्यांना विलक्षण अनुभव होता. आमच्यापासून चार-पाच किलोमीटरांवर दारासुरमचे दुसऱ्या राजराजाने बांधलेले मंदिर आहे. आणि कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळपाडी आहे, जेथे 1677 साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजीमहाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांची भेट झाली. नसीरुद्दीन शाह ह्यांचे शिवाजीमहाराज उंचेपुरे नाहीत, गर्जना करीत नाहीत. ते विचार करतात, समोरच्याचे ऐकून घेतात, आणि निर्णय सांगताना आवाज चढवीत नाहीत. औरंगजेबाच्या भूमिकेत ओम पुरी ह्यांनी त्यांच्या तोडीचा एकाकीपणा उभा केला आहे. त्यानंतर खाजगी वाहिन्यांवर महाराजांवर आणि संभाजीराजांवर भव्य मराठी मालिका झाल्या, 2008 साली सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’तील अमोल कोल्हे ह्यांची तडफ आणि नितीन चंद्रकांत देसाई ह्यांचे नेपथ्य ह्यांना मी मानाचा मुजरा करतो, पण राज्यकर्त्याच्या मनातील तोलणे-जोखणे मला बेनेगल ह्यांच्या त्या थोड्याशा भागांतच अधिक सापडले. ‘तमस’ आणि ‘चाणक्य’ ह्या इतिहासावरील आणखी दोन मालिकांचा उल्लेख येथेच करतो. पहिलीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात तक्रार गेली असता न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर ह्यांनी ती स्वतः पाहून प्रक्षेपणास मुभा दिली, हा आपल्या न्यायदानाच्या इतिहासातील अभिमानाचा दाखला आहे.

मराठी मालिकांची गोष्ट येथे थोडी निराळी. मुंबई केंद्र आमच्याकडे दिसत नसे. पाहावयाचे ते सुटीत मुंबई-पुण्याच्या आप्तांकडे, आणि पुढे उपग्रहावरून ‘सह्याद्री’ ही दूरदर्शनची मराठी वाहिनी आल्यावर. तरीही ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ला मी कधी अंतर देणार नाही. चिं. वि. जोशी ह्यांनी बडोद्यास पालीचे अध्यापन करीत आणि संस्थानच्या दप्तराची व्यवस्था पाहत असता हे विनोदी साहित्य लिहिले; ज्या बडोद्याचा कारभार 1875 नंतर आमच्या गावच्या दिवाणसाहेबांनी मार्गी लावला होता, तेच हे बडोदे. दिलीप प्रभावळकर ह्यांचा चिमणराव खांदे पाडून, मान किंचित पुढे काढून चालतो. बाळ कर्वे ह्यांचा गुंड्याभाऊ त्याच्या शेजारी बुरुजासारखा उभा राहतो. आणि ह्या दोघांच्या उंचीतला नि आवाजातला फरकच अर्धे काम करून जातो. तो विनोद कोणालाही दुखवीत नाही, कारण त्याचे पहिले लक्ष्य नेहमी स्वतः चिमणरावच असतो.

ह्याच्याशी ताडून पाहण्याजोगा एक तमिळ नमुना आमच्या शेजारचाच आहे. कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावरील तिरुविडैमरुदूर येथे 1913 साली जन्मलेले, ‘आनंद विकटन’ ह्या तमिळ साप्ताहिकाच्या संपादनात आयुष्य वेचलेले लेखक देवन ह्यांनी ‘तुप्परियुम साम्बु’ नावाचा एक गुप्तहेर निर्माण केला. हा साम्बु मूळचा बँकेतील सामान्य कारकून. बुद्धी बेताची, नाक भले मोठे, आणि दैव असे की प्रत्येक गुन्ह्याचा धागा आपसूक त्याच्या हाती लागावा. गोपुलु ह्यांच्या चित्रांनी तो घरोघर पोहोचला, आणि दूरदर्शनवर कात्ताडी राममूर्ती ह्यांनी तो साकारला. पुण्याचा चिमणराव आणि तंजावर जिल्ह्यातला साम्बु ह्यांची गाठ पडती, तर त्यांनी एकमेकांस तत्काळ ओळखले असते, अशी माझी खात्री आहे: दोघेही नियतकालिकांच्या पानांतून आले, दोघेही मध्यमवर्गीय ब्राह्मणी घरातले, आणि दोघांनाही कर्त्याने मनापासून माया दिली.

तमिळ मालिकांतील माझी आवड सांगावयाची तर ती के. बालचंदर ह्यांच्यापासून सुरू होते. हेही ह्याच खोऱ्यातील, नन्निलमजवळचे. ‘रयिल स्नेहम्’मधील व्ही. एस. नरसिंहन ह्यांनी बांधलेले आणि चित्रा ह्यांनी गायिलेले गीत आजही येथील लग्नघरात कोणी ना कोणी गुणगुणते. ‘कै अळवु मनसु’मध्ये मृत्यू समोर दिसत असलेली आई आपली मुले एकेक करून इतरांच्या घरी सोपविते, विषय असा की अश्रूंचा पूर यावा, पण बालचंदर प्रत्येक घराचा स्वभाव निराळा रेखाटतात आणि त्यामुळे दुःखाला तपशिलाचा आधार मिळतो. त्यांच्याच संस्थेने काढलेली ‘मर्मदेशम्’ ही नागा ह्यांनी दिग्दर्शित केलेली, इंदिरा सौंदरराजन ह्यांच्या कथांवरील मालिका ग्रामदेवतेचे भय आणि माणसाच्या मनातील विकृती ह्यांची सांगड घालते; ‘विडातु करुप्पु’ हा तिचा खंड ज्यांनी लहानपणी पाहिला, ते गावाच्या वेशीवरील करुप्पस्वामीच्या घोड्याजवळून आजही जरा भराभर चालतात.

14 एप्रिल 1993 रोजी सन टीव्ही सुरू झाली आणि तेरा आठवड्यांची मुदत संपुष्टात आली. ‘चित्ति’ (1999), ‘मेट्टि ओलि’ (2002), ‘कोलंगळ’ (2003) ह्या मालिका आठवड्याच्या न राहता रोजच्या झाल्या; ‘कोलंगळ’ सहा वर्षे आणि 1500 हून अधिक भाग चालली. त्याच सुमारास मराठीतही 1999 साली ‘आभाळमाया’ने रोजच्या मालिकेची वाट पाडली. ह्या मालिकांना सरसकट हिणविणारांत मी नाही. ‘मेट्टि ओलि’तील पाच मुलींचा बाप, लग्ने लावता लावता वाकत गेलेला, हा दिग्दर्शक तिरुमुरुगन ह्यांनी इतक्या खरेपणाने उभा केला की, 2020 च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखविली तेव्हा नव्या पिढीनेही ती आस्थेने पाहिली. राधिका ह्यांच्या ‘चित्ति’ने कष्टाळू बाईला कथेच्या मध्यभागी आणून बसविले, हे काम चित्रपटाने क्वचितच केले होते. पण ह्या सर्वांत एक दोष समान आहे आणि तो मला गंभीर वाटतो: शेवट ठरलेला नसल्यामुळे पात्रांचा स्वभाव कथेच्या गरजेप्रमाणे फिरतो. कालची सोशीक सून आज कपटी होते आणि परवा पुन्हा सोशीक. मनुष्यस्वभावावरील प्रेक्षकाची श्रद्धाच त्यामुळे ढिली होते, आणि हे नुकसान करमणुकीच्या नफ्यातून भरून निघणारे नाही.

परदेशी मालिकांपैकी एकीचेच नाव घेतो, कारण तिच्यातही आमचा मुलूख आहे. कार्ल सेगन ह्यांची ‘कॉसमॉस’ 1980 साली अमेरिकेत प्रसारित झाली. तिचे भाग बरोबर तेरा. तिच्या दहाव्या भागात विश्वाच्या उत्पत्तीचा विचार करताना सेगन तमिळनाडूत येतात, पोंगलचा सण दाखवितात, ब्रह्मदेवाच्या दिवस-रात्रीचे गणित सांगतात आणि चोळकालीन नटराजाच्या पंचधातूच्या मूर्तीपाशी थांबतात. ज्या गावापासून हाकेच्या अंतरावर स्वामिमलैचे स्थपती आजही मेणाचा नमुना करून, त्यावर कावेरीची तलम माती लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात, त्या गावातल्या माणसाने तो भाग पाहिला म्हणजे त्याला काय वाटत असेल, हे वेगळे सांगावयास नको. विज्ञान आणि श्रद्धा ह्यांचे भांडण न लावता दोहोंचा मान राखणारा तसा आवाज मला दूरदर्शनवर पुन्हा ऐकू आला नाही.

एवढ्या यादीनंतर एक जागा रिकामी राहते आणि तिच्याविषयी बोलल्यावाचून हा आढावा पुरा होत नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीस ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हापासून आपण मराठी रंगभूमीची कारकीर्द मोजतो. परंतु 1684 ते 1712 पर्यंत तंजावरच्या गादीवर असलेल्या शाहराजांनी त्याआधी दीडशे वर्षे मराठीत नाटके रचली होती, आणि त्यांची हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झालेली आहेत. पदे, सूत्रधाराचे निवेदन, पात्रप्रवेश असा त्यांचा बांधेसूद घाट आहे. लांबी बेताची, शेवट मंगल आणि ठरलेला. मुंबई आणि चेन्नई ह्या दोन केंद्रांनी मिळून ह्या नाटकांवरील तेरा भागांच्या एका मालिकेची तजवीज करावी, संहितेसाठी ग्रंथालयाच्या पंडितांना आणि पदांसाठी येथील भजनसंप्रदायाच्या भागवतांना पाचारण करावे, आणि चित्रण तंजावरच्या राजवाड्यातील दरबार दालनात करावे. पहिल्या भागासाठी शाहराजांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ घेता येईल.